चर्चा: कर्करोगाच्या किरणोपचारासाठी लेसरने वेग दिलेले इलेक्ट्रॉन वापरावेत का?

मूळ धागा

तीव्र लेसर स्पंद (प्रकाशाचा क्षणिक झोत) प्लाझ्मातून, म्हणजे विद्युतभारित कणांच्या वायूतून, गेला की नावेमागे उठावी तशी लाट त्याच्यामागे उठते आणि तिच्यावर स्वार झालेले इलेक्ट्रॉन अत्यल्प अंतरात प्रचंड ऊर्जा मिळवतात, ही कल्पना ताजिमा आणि डॉसन या भौतिकशास्त्रज्ञांनी १९७९ साली मांडली. रुग्णालयातील लिनॅकचे (इलेक्ट्रॉनांना सरळ रेषेत वेग देणाऱ्या नेहमीच्या यंत्राचे) इलेक्ट्रॉन साधारण २० एमईव्हीपर्यंतचे (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचे एकक) असतात आणि पुरेसा डोस जेमतेम सहा सेंटिमीटर खोल पोहोचवतात. स्वादुपिंडासारख्या खोल अवयवातील गाठीसाठी १०० ते २५० एमईव्ही हवेत, आणि प्लाझ्मात ते काही मिलिमीटरांत मिळतात. हा मार्ग आता प्रयोगशाळेबाहेर आणण्याची वेळ झाली आहे, असे माझे मत आहे.

प्रतिसाद १

असहमत. मिलिमीटर ही केवळ प्लाझ्माची लांबी झाली. तो स्पंद घडवणारा लेसर आणि निर्वात कक्ष यांनाच एक दालन लागते, शिवाय किरण अडवणाऱ्या बंकरच्या काँक्रीटच्या भिंती इलेक्ट्रॉन कुठून आले हे विचारत नाहीत. खरी अडचण डोसची आहे. तो ठरवलेल्या आकड्याच्या सुमारे पाच टक्क्यांच्या आत राहावा, ही किरणोपचारातील रूढ अपेक्षा. लिनॅक सेकंदाला शेकडो स्पंद सोडतो, त्यामुळे एखादा कमीजास्त झाला तरी सरासरीत जिरून जातो. या ऊर्जेचे लेसर सहसा सेकंदाला एक ते दहा स्पंद देतात. फ्लॅश पद्धतीने, म्हणजे सगळा डोस क्षणार्धात, १० ग्रे (ग्रे हे डोसचे एकक) एक पंचमांश सेकंदात द्यायचे ठरवले, तर वाट्याला दोनच स्पंद येतात, प्रत्येकी ५ ग्रेचे; पहिला चुकला तर दुसऱ्याने किती सावरणार?

प्रतिसाद २

गरज मान्य, पण लेसरच कशाला? २०१८ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझानच्या विद्यापीठ रुग्णालयात त्वचेच्या लिम्फोमाच्या रुग्णाला ९० मिलिसेकंदांत १५ ग्रे दिले गेले, तेही लिनॅकच्या इलेक्ट्रॉनांनी. सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेने क्लिक या प्रस्तावित कणत्वरकासाठी विकसित केलेल्या, इलेक्ट्रॉनांना वेग देणाऱ्या तांब्याच्या पोकळ्या मीटरमागे सुमारे १० कोटी व्होल्ट पेलतात, आणि त्याच तंत्रावर खोल गाठींसाठीचे यंत्र उभारण्यासाठी हे रुग्णालय व सर्न एकत्र आले आहेत. मीटर-दोन मीटरमध्ये काम भागत असेल, तर मिलिमीटरचा अट्टहास मला तरी कळत नाही.

धागाकर्त्याचा उपप्रतिसाद

स्पंदांची संख्या हा निसर्गनियम नव्हे. फ्लॅशदिव्यांऐवजी डायोडने ऊर्जा पुरवलेले लेसर कितीतरी वेगाने चालतात. दुसरे असे की, तांब्याची पोकळी शरीरात घालता येत नाही, प्रकाशतंतू घालता येतो. तंतूच्या टोकाशीच कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन निर्माण करण्याचा प्रस्ताव आहे. तो साधला, तर गाठीत किंवा तिच्याजवळ ठेवून आतून किरणोपचार करण्यासाठी वापरला जाणारा, ७४ दिवसांत निम्मा होणारा किरणोत्सारी इरिडियम-१९२ वारंवार बदलण्याची आणि सांभाळण्याची कटकट टळेल.

प्रतिसाद १ (पुन्हा)

इरिडियमचे गॅमा किरण सेंटिमीटरच्या अंतरात काम करतात, तर तीनशे केईव्हीचा (०.३ एमईव्हीचा) इलेक्ट्रॉन ऊतीत एक मिलिमीटरही जात नाही. गाठीची वरची कड भाजेल, पुढे काय? अशा उपचाराचा उपयोग असेल, पण तो इरिडियमची जागा घेणारा नव्हे. आणि खोल गाठींबद्दल माझी मागणी साधी आहे: पाण्याच्या फँटममध्ये (शरीराऐवजी डोस मोजण्यासाठीच्या पाण्याच्या टाकीत) सलग हजार स्पंद सोडा आणि प्रत्येकाचा डोस एका आलेखावर मांडा. त्यातला विखुरलेपणा पाहिल्याशिवाय रुग्णाचा विषय काढण्यात अर्थ नाही.