‘गंधकवायू’ सुटतो, की तयार होतो?

प्रश्न : प्रबंधाचा मराठी गोषवारा लिहिते आहे. बंद बाटल्यांत वाढवलेले जिवाणू किती हायड्रोजन सल्फाइड तयार करतात, ते मोजलं आहे. ‘जिवाणू संवर्धनातील गंधकवायू उत्सर्जनाचे मापन’ हे शीर्षक चालेल का?

पहिलं उत्तर : ‘गंधकवायू’ नको. आमच्याकडे साखर कारखान्यात उसाचा रस स्वच्छ करायला गंधक जाळतात. घसा धरणारा तो धूर म्हणजे सल्फर डायऑक्साइड. मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरलेलं पाणी साठवतात, तिथे सडक्या अंड्यांची घाण येते. तो तुमचा वायू. एकाच आवारातले हे दोन वायू, आणि गंधक दोघांतही आहे! पूर्ण नावच लिहा. ‘संवर्धन’सुद्धा फसवं आहे, वनसंवर्धनासारखं जतन वाटतं.

दुसरं उत्तर : मला ‘उत्सर्जन’ जास्त खटकतं. उत्सर्जन म्हणजे बाहेर टाकणं. पण हा वायू पाण्यात बराच विरघळतो, आणि सामू (पीएच) ७ च्या आसपास असला तर विरघळलेल्यातला साधारण निम्मा हायड्रोसल्फाइड आयनाच्या, म्हणजे विद्युतभारित कणाच्या, रूपात द्रवातच राहतो. परीक्षानळीच्या तोंडाशी अडकवलेली लेड ॲसिटेटची पट्टी काळी पडते ती फक्त वर आलेल्या वायूमुळे. तिथे ‘वायू सुटला’ एवढंच म्हणता येतं. तुम्ही पट्टी वापरलीत का?

प्रश्नकर्ती : नाही. बंद बाटलीतच सुईने झिंक ॲसिटेट सोडून सल्फाइड बांधून घेतलं. मग अभिक्रियेतून मिथिलीन ब्लू तयार करून त्याचा निळा रंग ६७० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात मोजला.

दुसरं उत्तर : मग द्रवातलं आणि वरच्या मोकळ्या जागेतलं, दोन्ही हिशेबात आलं. ‘निर्मिती’ लिहा. ‘मापन’ही योग्यच. पट्टी असती तर मी तोही शब्द खोडला असता, कारण काळा रंग ‘आहे’ म्हणतो, ‘किती’ ते सांगत नाही. पिण्याच्या पाण्यासाठी गावोगावी वापरतात ती, याच वायूवर चालणारी बाटली आठवा. १९८२ साली भारतीय शास्त्रज्ञांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. बाटलीत हायड्रोजन सल्फाइड तयार होऊन पाणी काळं झालं की विष्ठेतल्या जिवाणूंचा संशय. तिला लोक ‘तपासणी’ म्हणतात, मोजणी नाही. किती नेमका शब्द आहे!

प्रश्नकर्ती : ‘प्रयोगशाळेत वाढवलेल्या जिवाणूंकडून होणाऱ्या हायड्रोजन सल्फाइड निर्मितीचे मापन’ असं करते. लांब झालं, पण केलेलं काम त्यात नीट दिसतं.