बर्कली की यूसीएलए? मुलीचं कुठे पक्कं करावं

चहाबाज:
मंडळी, लेकीला कॅलिफोर्नियातल्या या दोन्ही युनिव्हर्सिट्यांत, बर्कली आणि यूसीएलए (लॉस एंजेलिस), ॲडमिशन मिळालीये, मॅथ्सला, अंडरग्रॅड. १ मे पर्यंत कळवायचंय. माझं मत बर्कली, नाव मोठं. तिला यूसीएलए हवंय, का तर म्हणे तिथलं जेवण भारी! शिकायला चाललीयेस की पंगतीला, असं मी बोलून गेलो आणि आता घरात दोन दिवस अबोला आहे. पोरगी शाकाहारी आहे हेही खरं. जाणकारांनी सांगा.

टेकडीवरचा:
मी बर्कलीचा, त्यामुळे थोडं झुकतं माप धरूनच वाचा. दबदबा आहेच, बर्केलियम आणि कॅलिफोर्नियम ही मूलद्रव्यं आमच्याकडचीच, नोबेलवाल्या प्रोफेसरांना 'एनएल' पाटीचं राखीव पार्किंग असतं. १९६४ ची फ्री स्पीच चळवळ तिथलीच, अजूनही कोणी ना कोणी घोषणा देत असतंच, मला ते फार आवडायचं. पण मॅथ्स म्हणताय तर गणितज्ञ टेरेन्स टाओ (२००६ चं फील्ड्स मेडल, म्हणजे गणितातला सर्वोच्च मानला जाणारा पुरस्कार) यूसीएलएत आहेत, तेव्हा नावाच्या जोरावर भांडू नका, हराल.

खिचडीप्रेमी:
काका जेवणाला हसू नका हो. डॉर्मच्या खोलीत स्वयंपाकघर नसतं, दिवसाला दोन-तीनदा मेसमध्येच जायचं, तेही थकून. यूसीएलएचं डायनिंग खरंच नावाजलेलं आहे, ब्रुइन प्लेट नावाच्या तिथल्या मेसमध्ये भाज्या-कडधान्यांवरच भर, शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. आणि जेवणापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे राहणं. २०२२ पासून यूसीएलए फ्रेशमनना (पहिल्या वर्षाला येणाऱ्यांना) चार वर्षं हाउसिंगची हमी देते. बर्कलीत बरीच मुलं पुढे बाहेर घर शोधतात आणि तिथली भाडी... जाऊ दे, तुम्हीच एकदा बघा.

शून्यमार्क:
कोणीच बोललं नाही म्हणून सांगतो, बर्कलीला सेमिस्टर आहे आणि यूसीएलएला क्वार्टर. क्वार्टर म्हणजे दहा आठवडे शिकवणं आणि मग लगेच फायनल्स, पहिल्या दोन आठवड्यांत आजारी पडलात तर मिडटर्म येऊन उभी राहते. शिवाय यूसीएलए जूनच्या मध्यापर्यंत चालतं, बर्कली मेमध्येच सुटतं, इंटर्नशिप मेअखेर सुरू होत असेल तर तारखांची ओढाताण होते. उलट वर्षाला तीनदा नवे विषय घेता येतात, ज्याला नक्की काय आवडतं ते ठरलेलं नाही त्याला ते बरं. मुलगी अभ्यास साठवून ठेवणारी आहे की रोजचा रोज करणारी?

चहाबाज:
साठवणारी. बापावर गेलीये.
बाकी ते चार वर्षांच्या हाउसिंगचं वाचून बायको म्हणाली, एवढं तरी आधी वाचायचं होतंस. आज जेवताना मीच विषय काढला, तिने ब्रुइन प्लेटचा मेनू दाखवला, अबोला सुटलाय. क्वार्टरचं उद्या सांगतो, आज नको.