मदत हवी आहे : पहिली स्प्रिंट ट्रायथलॉन, तलावातलं पोहणं आणि हायब्रिड सायकल

मुळाकाठ

नमस्कार मंडळी. बारा आठवड्यांनी स्प्रिंट ट्रायथलॉनमध्ये उतरायचंय. तलावात ७५० मीटर पोहणं, मग २० किमी सायकल, मग ५ किमी धावणं. वय ४१, वजन ६४ किलो. सध्याची स्थिती अशी:

पोहणं : २५ मीटरच्या टँकमध्ये ७५० मीटर न थांबता २४ मिनिटांत. अर्धं फ्रीस्टाइल, अर्धं ब्रेस्टस्ट्रोक. उघड्या पाण्यात कधीच नाही.
सायकल : हायब्रिड, ७०० × ३५ टायर, पुढे सस्पेन्शन. २० किमीला ५२ मिनिटं.
धावणं : ५ किमी ३२ मिनिटांत.

प्रश्न:
१. टँकमधलं ७५० तलावात तितकंच सोपं जाईल का? ब्रेस्टस्ट्रोक चालतो का?
२. रोड बाइक घ्यावी का?
३. सायकलवरून उतरल्यावर पाय लाकडासारखे होतात म्हणतात. त्यावर काय करायचं?
४. कपडे, बूट, हेल्मेट यांची अदलाबदल कशी करतात?
५. खायचं काय?

फक्त पूर्ण करायची आहे, पदक वगैरे डोक्यात नाही. नोकरीमुळे रोज सकाळी एक तास आणि रविवारी दोन-अडीच तास मिळतात.

पाणबुडी_कोल्हापूर

मुळाकाठ, तुमचा खरा पेपर पहिला प्रश्न आहे. सायकल आणि धावणं तुम्ही आजही पूर्ण कराल, म्हणून बारापैकी पहिले आठ आठवडे जास्त वेळ पाण्याला द्या.

टँकमधलं ७५० हे पूर्ण ७५० नसतं. २५ मीटरच्या टँकमध्ये ३० फेऱ्या, म्हणजे २९ वेळा भिंतीला पाय लावून ढकलणं. दर ढकलीला तीन-चार मीटर फुकट मिळतात आणि श्वासही सावरतो. म्हणजे जवळजवळ शंभर मीटर तुम्ही पोहतच नाही. उलट तलावात सरळ रेष नसल्याने नवा माणूस नागमोडी जातो आणि ७५० चे सहज ८५० होतात. त्यामुळे टँकमध्ये ११००-१२०० मीटर सलग आरामात जमेपर्यंत थांबू नका. आठवड्यातून एकदा भिंतीच्या दीड-दोन मीटर आधीच वळा, हात-पाय न लावता. पहिल्या दिवशी चारशेतच दम लागेल, तोच खरा अंदाज.

दिशा बघणं : दर ६ ते ८ हातांनंतर डोकं इतकंच उचला की फक्त गॉगल पाण्याबाहेर येईल, तोंड आणि नाक आतच. बघून झालं की मान बाजूला वळवून श्वास. समोर बघता बघताच श्वास घ्यायला गेलात तर डोकं जास्त वर येतं, कंबर आणि पाय खाली जातात आणि वेग मरतो. पहिल्या वेळी बोया (मार्ग दाखवणारा तरंगता फुगा) दिसला नाही तर डोकं वर धरून शोधत बसू नका, पुढच्या तीन-चार हातांनी पुन्हा बघा. नारंगी बोया लाटेत लपतो. त्याच्या मागचं उंच झाड, टाकी किंवा इमारत आदल्या दिवशीच हेरून ठेवा.

घाबरणं : बहुतेकांची शर्यत पहिल्या दोनशे मीटरमध्येच बिघडते. हॉर्न वाजतो, सगळे सुसाट सुटतात, आपणही सुटतो. पाण्याखाली श्वास पूर्ण सोडला जात नाही. छातीत हवा असते पण शिळी, आणि वाटतं की श्वास मिळत नाही. उपाय श्वास घेण्यात नाही, सोडण्यात आहे. तोंड पाण्यात असताना बुडबुडे सतत सोडत राहा. सुरुवातीला गर्दीच्या मागे आणि कडेला उभे राहा, हॉर्ननंतर दहा सेकंद जाऊ द्या. पहिले पन्नास मीटर मुद्दाम हळू. तरी छाती धडधडली तर पाठीवर उताणे व्हा किंवा वीस-पंचवीस हात ब्रेस्टस्ट्रोक मारा, मग पुन्हा फ्रीस्टाइल.

ब्रेस्टस्ट्रोकला पूर्ण मुभा आहे. ट्रायथलॉनमध्ये कोणताही स्ट्रोक चालतो. कायाक किंवा लाइफगार्डच्या बोर्डाला धरून विश्रांती घेता येते, फक्त त्याच्या आधारे पुढे सरकायचं नाही. मात्र ब्रेस्टस्ट्रोकची लाथ रुंद पडते, गर्दीत मागच्याच्या तोंडावर बसते. आणि मांड्या त्यातच दमतात, त्यांचं खरं काम पुढे सायकलवर आहे.

उघड्या पाण्यातला सराव शर्यतीआधी किमान तीन-चार वेळा व्हायला हवा. एकटीने नाही आणि धरणात तर अजिबात नाही. धरणांत बहुतेक ठिकाणी मनाई आहे, शिवाय गाळ आणि अचानक येणारी खोली. परवानगी, लाइफगार्ड आणि सोबत असलेल्या गटाबरोबरच जा, कमरेला नारंगी फ्लोट बांधून. मालवणला चिवला बीचवर हिवाळ्यात सागरी जलतरण स्पर्धा होते, तिथे लहान अंतराचे गटही असतात. तारखा जुळल्या तर गर्दीत पोहण्याची सवय तिथे छान होते.

संथपावले

पाणबुडींना अनुमोदन, आणि एक भर. चाळिशीनंतर शर्यतीआधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्याच. रक्तदाब, ईसीजी, आणि घरात हृदयविकार असेल तर डॉक्टर सांगतील ते पुढचं. ट्रायथलॉनमधले मृत्यू बहुतांश पोहण्याच्या टप्प्यात झालेले आहेत. छातीवर दाब, न थांबणारा खोकला, विनाकारण धाप, यातलं काहीही झालं तर हात वर करून हलवा, बोट येते. तिथे हिंमत दाखवायची नसते.

आता पाय जड होण्याबद्दल. सायकलवर तुम्ही पाऊण तास कमरेत वाकलेल्या असता. मांडीच्या पुढचे आणि कमरेचे स्नायू आखडलेल्या स्थितीत एकाच ठेक्यावर काम करत असतात. उतरल्यावर त्यांनाच एकदम लांब होऊन शरीराचं वजन पेलायचं असतं. एक ते दीड किलोमीटरमध्ये हे आपोआप सुटतं. त्यात होणारी चूक अशी की पाय जड लागतात म्हणून माणूस लांब ढांगा टाकतो. उलट करा, पावलं आखूड आणि जलद, मिनिटाला १७० च्या आसपास. पहिला किलोमीटर नेहमीपेक्षा वीस-तीस सेकंद हळू. तुमच्या बाबतीत ६:४५ धरा. तिसऱ्या किलोमीटरला बरं वाटलं तर वाढवा.

यासाठी रविवारी ब्रिक, म्हणजे सायकलला जोडून धावणं. पाचव्या आठवड्यापासून १५ किमी सायकल आणि लगेच दीड किमी धाव, दहाव्या आठवड्यापर्यंत २० आणि ३ किमी. सायकल ते धाव यामधला वेळ पाच मिनिटांच्या आत. घरी येऊन चहा घेऊन धावलात तर ती ब्रिक नाही.

आठवडा असा बसेल : तीन दिवस पोहणं, एक दिवस सायकल (तासाभरात तीन वेळा आठ-आठ मिनिटं जोरात), एक दिवस ५-६ किमी धावणं, रविवारी ब्रिक, एक दिवस सुट्टी. सुट्टी खाऊ नका. शेवटच्या आठवड्यात सगळं निम्म्यावर आणा.

गिअरबॉक्स

रोड बाइक घेऊ नका. निदान या शर्यतीसाठी नाही. तुमच्या वेगाला ती २० किमीत चार-पाच मिनिटं वाचवेल, पण वाकून बसायची सवय व्हायला आणि नव्या ब्रेक-गिअरशी हात बसायला तेवढेच आठवडे जातील. त्याच हायब्रिडवर हे करा:

टायर बदला. ३५ चे काढून ७०० × २८ गुळगुळीत टायर टाका. आधी रिमची आतली रुंदी बघा, १७ ते २१ मिमी असेल तर २८ नीट बसतो. तुमच्या वजनाला ७० ते ७५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पुरे. शंभर भरलात तर आपल्या रस्त्यांवर सायकल उड्या मारेल आणि वेगही जाईल.

पुढचं सस्पेन्शन लॉक करा. नसेल लॉक तर जमेल तितकं घट्ट करा, नाहीतर उभं राहून पेडल मारताना अर्धी ताकद तेच खातं.

सीट जवळजवळ सगळ्यांची खाली असते. पेडल सर्वात खाली असताना त्यावर टाच ठेवली तर गुडघा सरळ व्हायला हवा, मग चवडा ठेवल्यावर २५-३० अंशांचा बाक आपोआप येतो. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखलं तर सीट अजून खाली आहे, मागे दुखलं तर जास्त वर गेली.

स्टँड, मडगार्ड, बास्केट, घंटा काढा. रॅकवर सायकल सीटने टांगतात. हँडलच्या दोन्ही टोकांना बूच असलंच पाहिजे, उघडी नळी दिसली तर तपासणीत सायकल अडवतात. दोन्ही ब्रेक चालू हवेत. सर्व्हिसिंग आठ-दहा दिवस आधी करा, आदल्या दिवशी कधीच नाही. नवी केबल ताणली जाते आणि गिअर शर्यतीतच घसरायला लागतात.

पेडल मिनिटाला ८५-९० फेऱ्यांनी, हलक्या गिअरमध्ये. जड गिअरमध्ये दाबत राहिलात तर पाचव्या किमीला काही कळणार नाही, धावताना कळेल. क्लिपचे बूट वगैरे विसरा, धावायच्या बुटांवरच सायकल चालवा. एक अदलाबदलही वाचते.

नियम : हौशी गटात बहुतेक ठिकाणी ड्राफ्टिंगला बंदी असते, म्हणजे पुढच्याच्या मागे चिकटून वारा चुकवायचा नाही. स्प्रिंटला साधारण १० मीटरचं अंतर धरतात, पण आयोजकांच्या सूचनेत आकडा बघा. डावीकडून चालवा, ओलांडताना उजवीकडून. बाहेरच्या कुणाची मदत घेता येत नाही, म्हणून एक ट्यूब, दोन टायर लिव्हर आणि छोटा पंप सीटखाली. मागचं चाक काढून ट्यूब बदलायला घरी बसून शिका, पंधरा मिनिटांत होईपर्यंत.

पाणबुडी_कोल्हापूर

अदलाबदलीला ट्रान्झिशन म्हणतात. पोहून सायकल ते टी-वन, सायकलवरून धाव ते टी-टू. लोक यात सेकंद वाचवायला बघतात, तुम्ही गोंधळ वाचवा.

सायकलशेजारी हाताएवढा टॉवेल. हँडलवर हेल्मेट उलटं, पट्टे बाहेर सोडलेले, आत उन्हाचा गॉगल. टॉवेलवर मोजे अर्धे गुंडाळलेले, बुटांत चिमूटभर टाल्कम. बुटाला इलॅस्टिक लेस लावा, ओल्या बोटांनी गाठ बसत नाही. बिब, म्हणजे स्पर्धक क्रमांकाचा कागद, कमरेच्या पट्ट्यावर लावून ठेवा, सायकलवर मागे, धावताना पुढे.

क्रम पाठ करा. टी-वन : टोपी आणि पोहायचा गॉगल चालता चालताच काढा, मग आधी हेल्मेट, बकल लावून, मगच सायकलला हात. टी-टू : आधी सायकल रॅकवर, मगच बकल उघडा. बकल न लावता सायकल काढली तर दंड, काही ठिकाणी थेट बाद. माउंट रेषेच्या पुढे गेल्यावरच सायकलवर बसायचं, डिसमाउंट रेषेच्या आधी उतरायचं. सायकल ठेवताना आदल्या दिवशीच हलक्या गिअरवर ठेवा.

आपली जागा शोधताना माणसं हरवतात. सकाळी रॅक अर्धा रिकामा असतो, परत येता तेव्हा सगळं वेगळं दिसतं. पाण्यातून येण्याची वाट, आपली रांग, सायकलची बाहेरची वाट, धावण्याची वाट, हे सगळं शर्यतीआधी दोनदा चालून बघा. दोन्ही ट्रान्झिशन मिळून पाच मिनिटं लागली तरी काही बिघडत नाही.

संथपावले

मोज्यांबद्दल थोडा मतभेद. ५ किमीला मोजे नकोत असं अनेक जण सांगतात. बुटाची शिवण आतून कडक असेल तर फोड येतात, आणि मोज्याला फार तर पंधरा सेकंद लागतात. घाला.

कपडे : ट्राय-सूट (तिन्ही टप्प्यांना चालणारा एकसंध पोशाख) नसेल तर पातळ पॅडची ट्राय-शॉर्ट, घट्ट टॉप आणि स्पोर्ट्स ब्रा. हेच घालून पोहायचं, सायकल चालवायची आणि धावायचं. सायकलिंगची जाड जेल-पॅडची शॉर्ट पाण्यात स्पंज होते. मानेला, काखेला, ब्राच्या कडेला व्हॅसलिन, पण त्या हाताने गॉगलच्या काचेला स्पर्श नको. हातावर नंबर लिहून झाल्यावर सनस्क्रीन लावा, आधी लावलं तर शाई धरत नाही. वेटसूट (पोहताना अंग गरम ठेवणारा रबरी पोशाख) घेऊ नका. हौशी गटात साधारण २२ अंशांच्या वर तो चालत नाही आणि आपल्याकडचं पाणी त्याहून गरमच असतं.

खाणं : दोन-अडीच तास आधी दोन केळी आणि दोन-तीन इडल्या, किंवा ब्रेड-जॅम. पोहे चालतील, तेल आणि शेंगदाणे कमी. दोन तासांच्या आत संपणाऱ्या शर्यतीला एनर्जी जेलची गरज नाही. सायकलवर ५०० मिली ओआरएस, घोट घोट. पाकिटावर एक लिटर लिहिलं असेल तर एका लिटरमध्येच कालवा. अर्ध्या लिटरमध्ये घट्ट केलं तर पोटात गोळा येतो आणि धावताना मळमळ होते.

मुळाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन शंका राहिल्या. पाळी त्याच दिवशी आली तर? आणि माझ्या ट्यूबचा व्हॉल्व्ह जाड आहे, २८ च्या टायरला बारीक घ्यावा लागेल का?

संथपावले

पाळीत उतरता येतं. टॅम्पॉन किंवा कप, पण पहिल्यांदा शर्यतीच्या दिवशी नको, आधी एकदा टँकमध्ये आणि ब्रिकला वापरून बघा. शॉर्ट काळी घ्या. एक जास्तीचा टॅम्पॉन प्लॅस्टिकच्या पिशवीत बुटाशेजारी.

गिअरबॉक्स

जाडच घ्या, म्हणजे श्रेडर. ७०० × २५-३२ ट्यूब त्याही व्हॉल्व्हमध्ये मिळते. तुमच्या रिमचं भोक जाड व्हॉल्व्हचं आहे, त्यात बारीक प्रेस्टा सैल बसतो आणि मुळाशी घासून फाटतो. शिवाय जाड व्हॉल्व्हला कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याचा पंपही चालतो. छोटा पंप विकत घेताना दुकानातच तुमच्या चाकाला लावून ७० पीएसआयपर्यंत भरून बघा, स्वस्तातले बरेचसे पन्नासच्या पुढे जात नाहीत.