रविवार रात्रीचा आपल्या कलाकारांचा रेडिओ कार्यक्रम बंद होतोय, वाचवायचा तर काय करायचं?

पूर्वभागवाला
नमस्कार मंडळी, सोलापुरातल्या आपल्या कम्युनिटी रेडिओवर रविवारी रात्री स्थानिक कलाकारांचा जो तासभराचा कार्यक्रम असतो, तो पुढच्या महिन्यापासून बंद करूलालेत. बजेट नाही म्हणे. बाहेर जाऊन रेकॉर्डिंग करायचा खर्च, कलाकारांचं मानधन, निवेदिकेचं मानधन, तिन्ही कापणार आणि त्या वेळेला सिनेमाची गाणी लावणार. अहो सिनेमाची गाणी कुठं पण लागतात की. पण पूर्व भागातल्या पद्मशाली समाजाच्या बायकांची तेलुगु गाणी, कन्नड वचनं, गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत नंदीध्वजाच्या मिरवणुकीतलं रेकॉर्डिंग, बार्शीकडच्या शाहिरांचे पोवाडे, हे एका तासात एकत्र दुसरं कोण ऐकवतं? आमच्या गल्लीत विड्या वळताना बायका हा कार्यक्रम लावतात, हात मोकळे नसतात त्यामुळे मोबाईल बघायचा प्रश्नच नाही, रेडिओ एकदा लावला की झालं. सह्या गोळा करायच्या म्हणतोय, उपयोग होतो का?

भीमाकाठ
होतो, पण नुसत्या सह्यांनी नाही. जून २०२३ मध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून बातम्या छत्रपती संभाजीनगरहून द्यायच्या ठरलं होतं, लोकांनी आणि पुढाऱ्यांनी आवाज उठवला, पेपरात आलं, आणि निर्णयाला स्थगिती मिळाली. ते सरकारी होतं, इथं संस्था चालवते, त्यामुळं मंत्र्याकडं जाण्यात अर्थ नाही, थेट संस्थेच्या विश्वस्तांकडं जा. नगरसेवकाला पण सांगा, त्याचं वजन पडतं.

जुना_निवेदक
मी दुसऱ्या एका स्टेशनवर बरीच वर्षं निवेदन केलंय म्हणून आतलं सांगतो. ‘कार्यक्रम चालू ठेवा’ असा एकच मजकूर शंभर जणांनी फॉरवर्ड केला तर ते एकच पत्र धरतात. त्यापेक्षा प्रत्येकाने आपल्या हाताने लिहा, कधी ऐकलं, कोणतं गाणं आवडलं, घरात कोण कोण ऐकतं. पोस्टकार्ड पण चालतं, असली पत्रं फाईलला लागतात आणि मीटिंगमध्ये वाचली जातात. तेलुगु आणि कन्नडमधून आलेली पत्रं तर नक्की द्या.

आता पैशाचं. कम्युनिटी रेडिओला तासाला १२ मिनिटं जाहिराती घेता येतात, आधी ७ होत्या. पण अख्खा कार्यक्रम एखाद्या दुकानाच्या नावाने प्रायोजित करता येत नाही, हे आधीच लक्षात घ्या, नाहीतर चादरवाल्याकडे जाऊन शब्द देऊन बसाल. स्थानिक धंद्याची जाहिरात मात्र चालते. आणि किमान निम्मा मजकूर स्थानिक लोकांच्या सहभागातून तयार झालेला हवा असं सरकारच्या धोरणातच आहे, तेव्हा हा कार्यक्रम म्हणजे स्टेशनवर उपकार नाही, त्यांच्या लायसन्सचा तो पाया आहे. हा मुद्दा पत्रात पहिल्या ओळीत लिहा.

नवीन_पेठ
सगळं मान्य, पण यूट्यूबवर टाका की हे सगळं. स्टेशन १०० वॅटचं, १०-१५ किलोमीटरच्या बाहेर ऐकू येत नाही, तिकडं जगभर जाईल. कलाकारांना पण फायदा.

जुना_निवेदक
@नवीन_पेठ टाका ना, जरूर टाका, फक्त रेकॉर्डिंगच झालं नाही तर टाकणार काय? आपल्या शहरातल्या शुभराय मठासारख्या ठिकाणी किंवा एखाद्या वाड्यात बसून भजनी मंडळाला नीट माईक लावून रेकॉर्ड करणं, मृदंग झाकून टाकणार नाही एवढा आवाज गायकाला देणं, ते फोनवर होत नाही. कापताना हेच आधी कापतात कारण हिशोबात तो खर्च दिसतो आणि त्यातून राहतं ते दिसत नाही. शाहीर राम जोशी सोलापूरचेच ना, त्यांच्या लावण्या लोकांनी म्हणून म्हणून टिकवल्या, पण त्यांचा आवाज कसा होता ते कुणालाच ठाऊक नाही. आजच्या म्हाताऱ्या गायकांचं तसं होऊ द्यायचं नसेल तर कार्यक्रम वाचो न वाचो, आजवरची सगळी रेकॉर्डिंग एका हार्डडिस्कवर घेऊन जपून ठेवायची लेखी मागणी आत्ताच करा, बंद झाल्यावर कोण शोधत बसणार.

माग_गल्ली
युनिफॉर्मच्या कारखान्यात आहे मी, शिलाईला बसलेल्या मुली रात्रपाळीला हाच कार्यक्रम लावतात. मालकांशी बोलतो, त्यांची जाहिरात मिळेल असं वाटतं, शाळांचा सीझन येतोय. अजून दोघा-तिघांनी असं धरलं तर रेकॉर्डिंगला जायच्या गाडीचा खर्च तरी निघेल.

पूर्वभागवाला
मोठी मदत झाली सगळ्यांची. सह्यांचा कागद बाजूला ठेवला, वाडीतल्या बायकांकडून पत्रं लिहून घेतोय, काही जणी तेलुगुतच सांगतायत, तसंच उतरवतोय. मंगळवारी विश्वस्तांना भेटायची वेळ मिळाली आहे. @माग_गल्ली मालकांचं त्याच्या आधी कळलं तर तुम्ही पण चला, जाहिरातीचं तुमच्याच तोंडून आलेलं बरं, आणि रेकॉर्डिंग जपायची मागणी मी वेगळ्या अर्जात देतोय, पोच घेऊनच येतो.