मदत हवी आहे: प्राध्यापकांच्या आंतरव्यावसायिक प्रशिक्षणात ख्रिस्ती श्रद्धेला स्थान कसे द्यावे?

नमस्कार. वैद्यक, परिचर्या, औषधनिर्माण आणि फिजिओथेरपी या शाखांच्या प्राध्यापकांसाठी आम्ही संयुक्त प्रशिक्षण आखत असून, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या आराखड्यातील ‘एकमेकांबद्दल, एकमेकांकडून, एकमेकांसोबत शिकणे’ हे सूत्र त्यासाठी आधाराला घेतले आहे. बायबलमधील लूककृत शुभवर्तमानातील दाखल्यात शोमरोनी (शोमरोन प्रदेशातील वाटसरू) लुटारूंनी घायाळ केलेल्या माणसाच्या जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधतो, जखमीला उतारशाळेच्या रखवालदाराच्या हाती सोपवतो आणि पुढील खर्चाचीही हमी देतो. रुग्णाची जबाबदारी एकाकडून दुसऱ्याकडे सोपवण्याच्या सरावासाठी हा प्रसंग (आरंभी प्रार्थना उरकून मोकळे होण्यापेक्षा) मला अधिक उपयुक्त वाटतो. मात्र अन्यधर्मीय किंवा श्रद्धा नसलेल्या सहकाऱ्यांवर दडपण न येता ही चर्चा कशी घडवावी आणि तिचा परिणाम प्रत्यक्ष अध्यापनात कसा तपासावा, याबाबत अनुभवी सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.