एका दिवसात अख्खा अल्बम? जवळजवळ!

‘११ फेब्रुवारी १९६३ ला बीटल्स या ब्रिटिश बँडनी पहिला अल्बम एका दिवसात उरकला’ असं म्हणतात, ते बरंचसं खरं आहे. पण ‘प्लीज प्लीज मी’ या त्या अल्बममधल्या १४ पैकी ४ गाणी आधीच्या दोन सिंगल्सची (दोन-दोन गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डची). त्या दिवशीची १०. ‘होल्ड मी टाइट’ या गाण्याचेही बरेच टेक (रेकॉर्डिंगचे प्रयत्न) झाले, पण ते या अल्बमवर आलंच नाही. शिवाय २० फेब्रुवारीला त्यांचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी ‘मिझरी’त पियानो आणि ‘बेबी इट्स यू’त सेलेस्टा (घंटीसारखा वाजणारा छोटा कीबोर्ड) वरून भरला.

खरी मेख टेपमध्ये आहे. अॅबी रोड या लंडनच्या स्टुडिओतल्या रेकॉर्डिंग मशीनवर ट्रॅक (टेपवरच्या आवाज साठवायच्या वेगळ्या पट्ट्या) दोनच: एकावर वाद्यं, दुसऱ्यावर आवाज. म्हणून तर स्टिरिओ प्रतीत हेडफोन लावला की वाद्यं एका कानात आणि गाणारे दुसऱ्या कानात! टाळ्या किंवा माउथ ऑर्गन नंतर घालायचा तर पहिली टेप वाजवत दुसऱ्या मशीनवर पुन्हा रेकॉर्ड करायचं, आणि दर कॉपीला खरखर वाढायची. त्यामुळे शक्य तितकं एका दमात वाजवणंच परवडायचं. जोडकाम मात्र चालायचं: ‘आय सॉ हर स्टँडिंग देअर’च्या सुरुवातीचं ‘वन टू थ्री फोर’ नवव्या टेकचं, पुढचं गाणं पहिल्या टेकचं. ‘ट्विस्ट अँड शाउट’ मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण ते गाणाऱ्या जॉन लेननला सर्दी होती आणि ते गायल्यावर घसा उरणारच नव्हता. अल्बमवर आहे तो पहिलाच टेक.