जुनी सात सीटर घेतली: घूंघूं आवाज, थरथर आणि ओला गालिचा

नमस्कार मंडळी,

दीड महिन्यापूर्वी आम्ही वापरलेली मध्यम आकाराची एसयूव्ही घेतली. नऊ वर्षांची, १,४२,००० किलोमीटर झालेली. व्ही-६ पेट्रोल, ऑल-व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना ताकद), तीन रांगा, वर सनरूफ. आधीच्या मालकाने इंजिन ऑइलच्या पावत्या नीट लावून दिल्या, बाकी कशाचाच कागद नाही. गाडी आवडलीय, पण तीन गोष्टी डोक्यात बसल्यात.

साठच्या पुढे गेलं की घूंऽऽ असा आवाज सुरू होतो आणि वेगाबरोबर चढत जातो. मधल्या रांगेत फोनवर बोलता येत नाही. दुसरं, साठ-सत्तरच्या दरम्यान हलक्या पायाने चाललेलो असताना गाडी दोन-तीन सेकंद थरथरते, खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी. पाय दाबला की थांबते. तिसरं, ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढचा (आमच्या गाडीत उजवीकडचा) गालिचा ओला होतो.

गॅरेजवाला म्हणाला, पुढची दोन्ही बेअरिंग गेलीत, गिअरबॉक्स संपत आलाय आणि पाणी कुठून येतं ते बघायला डॅशबोर्ड उतरवावा लागेल. हे सगळं त्याने गाडी न चालवता सांगितलं. कोणी अनुभवी माणूस मार्ग दाखवील का?

– ताई

*

ताई,

गाडी न चालवता निदान करणाऱ्याकडे परत जाऊ नका, हे आधी. आता आवाजाचं.

बेअरिंगचा आणि झिजलेल्या टायरचा आवाज इतका सारखा असतो की भलेभले फसतात. रिकाम्या रस्त्यावर त्याच वेगात स्टेअरिंग किंचित डावीकडे, मग किंचित उजवीकडे न्या. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकांवर पडतं. तेव्हा आवाज वाढला आणि उलट बाजूला कमी झाला, तर उजव्या बाजूच्या बेअरिंगवर संशय घ्या. वळताना फरकच नाही, पण रस्ता गुळगुळीत आला की आवाज बदलतो, तर टायर. मग गाडी उभी करून टायरच्या नक्षीवरून तळहात फिरवा, एकदा पुढून मागे, एकदा मागून पुढे. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं, तर चोर सापडला. मागची चाकं विसरू नका, लोक नेहमी पुढचीच बघतात.

टायरच्या कडेवर डॉट या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असतो, त्यातले शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. चारही टायर एका वयाचे आणि एका झिजेचे नसतील, तर ऑल-व्हील ड्राइव्हला ते मानवत नाही. कमीजास्त घेराची चाकं वेगवेगळ्या गतीने फिरतात आणि पुढच्या-मागच्या चाकांना जोडणारा क्लच सरळ रस्त्यावरही घासत राहतो. या गाड्यांना एकच टायर बदलून देणारा दुकानदार तुमचा मित्र नव्हे.

ओल्या गालिच्याला आधी बोट लावून वास घ्या. गोडसर वास आणि बोटाला चिकटपणा असेल, काचेवर आतून तेलकट धुकं धरत असेल, तर हीटरमधून कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) गळतंय. मग गॅरेजवाल्याचं खरं, डॅशबोर्ड उतरवावा लागू शकतो. साधं पाणी असेल तर दोनच प्रश्न: पावसानंतर येतं की एसी चालवल्यावर? एसीचं असेल तर बाहेर पाणी सोडणारी नळी तुंबलीय. पावसाचं असेल तर सनरूफच्या नळ्या बघा.

थरथरीबद्दल माझं मत जुनं आहे: १,४०,०००पर्यंत कोणी गिअरबॉक्स ऑइल बदललं नसेल, तर आता हात लावू नका. नव्या ऑइलने जुना गिअरबॉक्स सुटतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे तुम्ही विचारलंच नाही: तुमच्या इंजिनाला टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा ताल जुळवणारा पट्टा) आहे की चेन? टोयोटा हायलँडरच्या व्ही-६ला २००७पर्यंत बेल्ट होता, २००८पासून चेन आली. होंडा पायलटला २०२२पर्यंत बेल्टच होता. बेल्टला किलोमीटरची मर्यादा असते तशी वर्षांचीही, जी आधी येईल ती. ज्या इंजिनात बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, तिथे एका क्षणात इंजिन जातं, आधी आवाजही होत नाही. नऊ वर्षं झाली आणि पावती नाही, म्हणजे बदललेला नाही असंच धरायचं. बेल्टबरोबर वॉटर पंप, बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर आणि पुलीही घ्या. मजुरी तीच लागते.

– काका

*

काकांचं बाकी सगळं मान्य, गिअरबॉक्सचं नाही.

ताई, तुम्ही सांगताय ती खूण ओळखीची आहे. ठरावीक वेगात हलक्या पायाने चालताना इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडायला टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागाच्या) आतला एक क्लच लागतो. ऑइल थकलं की तो धड पकडतही नाही आणि धड सोडतही नाही, ती थरथर. खात्री करायची तर मागे कोणी नसताना, थरथर चालू असतानाच, डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करा, ब्रेकचा दिवा लागेल इतकाच. तो क्लच लगेच सुटतो. थरथर त्याच क्षणी थांबली, तर कन्व्हर्टर. नाही थांबली, तर एखादा सिलेंडर चुकतोय का, म्हणजे त्यातलं पेट्रोल नीट पेटत नाहीये का, ते बघा. डॅशबोर्डखालच्या सॉकेटला स्कॅनर लावून पी०३०० ते पी०३०६ यांतला, म्हणजे सिलेंडर चुकल्याचा, कोड आहे का वाचा. आडव्या बसवलेल्या व्ही-६मध्ये मागचे तीन स्पार्क प्लग काढायला हात जात नाही, म्हणून "प्लग बदलले" म्हणणाऱ्याने पुढचेच तीन बदललेले असू शकतात. तेही विचारा.

आता ऑइल. काका, नवीन ऑइलने गिअरबॉक्स गेला असं जे म्हणतात, त्यांचा गिअरबॉक्स बहुधा आधीच घसरत होता, म्हणजे गिअर धड पकडत नव्हते. ऑइल बदलायची आठवण त्यांना तेव्हाच झाली. ताईंचा अजून घसरत नाही. मात्र मशीन लावून दाबाने धुणं नको. खालचा बोल्ट काढायचा, जेवढं गळेल तेवढं मोजायचं, तेवढंच नवीन भरायचं. एका वेळेला साधारण तिसरा हिस्साच बाहेर येतो, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून पाचशे-हजार किलोमीटरच्या अंतराने तीनदा करा. ऑइल मॅन्युअलमध्ये ज्या नावाचं लिहिलंय तेच. "सगळ्यांना चालतं" असं डब्यावर लिहिलेलं मी घेत नाही. पातळी बघायचंही तापमान ठरलेलं असतं, थंड गाडीवर बघून भरू नका.

मागचा डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केस (मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या गिअरच्या पेट्या) यांचंही ऑइल वेगळं असतं, आणि ते कोणाच्याच लक्षात नसतं. हे घरी करणार असाल तर आधी भरायचा बोल्ट सुटतो का बघा, मगच गळायचा सोडा. मी उलट केलं होतं. ऑइल सगळं ट्रेमध्ये, भरायचा बोल्ट गंजून घट्ट, आणि गाडी जॅकस्टँडवर. दोन दिवस ती तशीच लटकली होती आणि मी बसने फिरत होते.

ब्रेक ऑइलही बघा. ते हवेतली ओल ओढून घेतं, त्याचा उकळबिंदू उतरतो. डॉट-३ (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) नवं असताना किमान २०५ अंशांवर उकळतं, ओल धरल्यावर ही मर्यादा १४०पर्यंत येते. सात माणसं बसवून घाट उतरणार असाल तर हा फरक पायाला कळतो.

आणि काचेच्या खालच्या कोपऱ्यात दिसणारा सतरा अक्षरा-आकड्यांचा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) कंपनीच्या संकेतस्थळावर टाका. टकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅगसारखे रिकॉल (दोष सुधारायला कंपनीने गाडी परत बोलावणं) मालक बदलला तरी गाडीलाच चिकटलेले असतात, आणि ते काम फुकट होतं.

– वहिनी

*

काका, वहिनी,

तीन आठवड्यांनी लिहितेय.

आवाज मागच्या टायरचा निघाला. तळहात उलटा फिरवल्यावर अक्षरशः करवत. पुढचे दोन टायर मागच्यांपेक्षा तीन वर्षांनी नवे होते. म्हणजे काका, तुमचा तो मित्र नसलेला दुकानदार आधीच्या मालकाला भेटलेला होता. चारही नवे घातले, अलाइनमेंट केली. बेअरिंगना हात लावला नाही.

गालिच्यातलं पाणी साधं होतं आणि पावसानंतरच यायचं. सनरूफ उघडून पुढच्या कोपऱ्यातल्या भोकात वाटीभर पाणी ओतलं. डावीकडचं पुढच्या चाकामागे लगेच टपकलं, उजवीकडचं तिथेच डबकं होऊन राहिलं. हवेचा पंप मारणार होते, पण दाबाने आतली नळीच निसटते असं वाचलं, म्हणून गवत कापायच्या यंत्राची नायलॉनची दोरी हळूहळू सारली. कुजलेल्या पानांचा काळा गोळा बाहेर आला आणि मागोमाग पाणी. गालिचा उचलला तर खालचा फोम पिळून निघाला. वरून आठवडाभर कोरडा वाटत होता! फोम बाहेर काढून वाळवला, खाली तारांचे जोड होते तेही पुसले.

ब्रेकचा स्पर्श करून पाहिला. थरथर त्याच क्षणी बंद. दोनदा ऑइल बदललं, पहिल्या खेपेचं कॉफीसारखं होतं, दुसऱ्याला नव्या ऑइलची लाली दिसली. थरथर दिवसातून पाच-सहा वेळा व्हायची, आता आठवड्यातून एखादी. तिसरी खेप पुढच्या महिन्यात.

बेल्टच आहे. नव्या गॅरेजवाल्याने कव्हर उघडून पाहिलं आणि म्हणाला, छान दिसतोय, अजून चालेल. काय करू?

– ताई

*

ताई, बेल्ट वरून छानच दिसतो, तुटायच्या आदल्या दिवशीही. शिवाय पाणी पंपातून गळतं आणि पुली बेअरिंगमधून अडकते, त्यातलं काही कव्हर उघडून दिसत नाही. वेळ ठरवून टाका, आणि तोवर लांबचा प्रवास नको. बदलल्यावर तारीख आणि किलोमीटर लिहिलेला स्टिकर इंजिनच्या कव्हरवर लावून घ्या.

ता. क. वहिनी, माझ्या गाडीच्या मागच्या डिफरन्शियलचा भरायचा बोल्ट हलत नाहीये. गळायचा अजून सोडलेला नाही.

– काका